‘शांतता राखा’च्या पाटीखाली सिनेमा

वाचनालयाच्या भिंतीवर लावलेली नियमांची यादी तुम्ही कधी नीट वाचली आहे? मोठ्यानं बोलू नये. पानं दुमडू नयेत. मोबाइल सायलेंटवर ठेवावा. बॅग ठेवून जागा अडवू नये. (हा शेवटचा नियम मोडल्याशिवाय अभ्यासिकेत कुणाला जागा मिळाल्याचं ऐकिवात नाही.) पण काचेवर रांगोळी पसरून, ती बोटानं जराजरा सरकवत, दर वेळी एक फोटो काढू नये, असं त्या यादीत कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणजे परवानगी आहे असं धरायला हरकत नाही.

‘वाचनालयात रांगोळी? काहून?’ असं तुम्ही म्हणाल. सांगते.

एखादा ॲनिमेशन करणारा कलावंत महिना-दोन महिने तुमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात येऊन बसला आहे, असं समजा. कोपऱ्यातलं एक टेबल त्याचं. तो तिथंच काम करतो, सगळ्यांच्या समोर. एमपीएससीची तयारी करणारी पोरं येता-जाता पाहतात. पेपर वाचायला येणारे आजोबा दुसऱ्या दिवशी चष्मा पुसून जवळ येतात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, ‘मी एक फोटो काढू का?’ याला कलेच्या जगात रेसिडन्सी म्हणतात. कलावंतानं एका जागी राहायचं, तिथं काम करायचं आणि त्या जागेनं त्याच्या कामात शिरायचं. नागपुरात, आपल्या धंतोलीत, हे का होऊ नये, हा या लेखाचा प्रश्न आहे. कारण महाराष्ट्रात हे एकदा झालेलं आहे, पन्नासएक वर्षांपूर्वी, आणि त्यातून काय निघालं तेही आपल्यासमोर आहे.

आधी वाटाणा, मग काड्या

प्रायोगिक ॲनिमेशन म्हटलं की आपण घाबरतो. वाटतं, काहीतरी न कळणारं, फेस्टिव्हलवाल्या लोकांचं असेल. खरं तर ज्या माणसाला आपण भारतीय सिनेमाचा जनक म्हणतो, त्याची सुरुवातच इथून झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लोकांसमोर आला. त्याआधी दादासाहेब फाळक्यांनी घरात एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि तो उगवताना रोज थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर मात्र अंकुर बघता बघता वर आला आणि त्याचा वेल झाला. सिनेमासाठी पैसा उभा करायचा होता, तेव्हा त्यांनी लोकांना हे दाखवलं. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. त्यात काड्या स्वतःहून हलतात. स्टुडिओ नाही, नटनट्या नाहीत. काड्यापेटी आणि चिकाटी. ती फिल्म आज उपलब्ध नाही, पण युक्ती जशीच्या तशी आहे. वस्तू हलवा, एक चित्र घ्या. पुन्हा हलवा, पुन्हा घ्या.

कार्टून आणि प्रायोगिक ॲनिमेशन यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन: कार्टूनमध्ये काय दिसणार हे आधी ठरतं आणि मग ते काढतात. प्रायोगिक कामात हातातली वस्तूच अर्धी गोष्ट ठरवते. गुजरातेतून कॅनडाला गेलेल्या ईशू पटेल यांनी १९७७ मध्ये ‘बीड गेम’ केली ती नुसत्या मण्यांची. मणी एकमेकांत मिसळतात, त्यांचे प्राणी होतात, प्राणी एकमेकांना गिळतात, माणसं येतात, लढाया होतात. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली ही फिल्म, आणि कच्चा माल काय, तर मणी. सीताबर्डीवर पिशवीभर मिळतील.

एक फ्लॅट, एक कॅमेरा, उघडं दार

आता ती मुंबईची गोष्ट. ही मला कॉलेजच्या अभ्यासक्रमात कुणी शिकवली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साल १९६९. चित्रकार अकबर पदमसी यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. एवढे पैसे हातात आल्यावर चित्रकार काय करेल? मोठे कॅनव्हास घेईल, परदेशी जाईल. पदमसींनी कॅमेरा आणि प्रोजेक्टर असं सिनेमाचं सामान घेतलं, नेपियन सी रोडवरच्या फ्लॅटमध्ये मांडलं आणि इतरांसाठी दार उघडलं. नाव दिलं ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’. चित्रकार, सिनेमावाले, फोटोग्राफर अशा कुणीही यावं, यंत्र हाताळावं, एकमेकांचं काम पाहावं. मणी कौल, कुमार शहानी यांच्यासारखी पुढे मोठी झालेली नावं या वर्कशॉपशी जोडलेली आहेत.

पदमसींनी स्वतः तिथं ‘सिझिजी’ नावाची फिल्म केली. तिच्यात माणूस नाही, गोष्ट नाही, आवाजही नाही. फक्त रेषा आणि बिंदू, एका गणिती नियमानं वाढणारे, सरकणारे. शेकडो रेखाटनं करून त्यांचं ॲनिमेशन झालं, आणि त्यासाठी मदतीला होते राम मोहन. हे नाव लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे. त्या काळी लोकांनी ‘सिझिजी’ डोक्यावर घेतली असं मुळीच झालं नाही. न कळणाऱ्या रेषा बघत कोण बसणार? पदमसींच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या दुसऱ्या फिल्मची तर एकुलती एक प्रत प्रदर्शनासाठी दिल्लीला गेली आणि हरवली. वर्कशॉप १९७२ च्या सुमारास बंद पडलं. फेलोशिपचे पैसे संपले आणि पुढं ते चालवायला कुणी आलं नाही.

म्हणजे फसलं? थांबा.

त्या फ्लॅटमध्ये येणाऱ्यांत एक तेवीस वर्षांची मुलगी होती, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकतीच बाहेर पडलेली. वर्कशॉपमधली सगळ्यांत लहान आणि एकटीच बाई. तिनं घराचं एक मॉडेल घेतलं, त्यावर रंगीत उजेड टाकला आणि छोट्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं एकेक फ्रेम टिपत ‘ड्रीम हाउसेस’ केली. स्वप्नातलं शहर, स्वप्नातली घरं. तेव्हा देशाला जी पडत होती, तीच. ही मुलगी म्हणजे नलिनी मलानी. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी काय काय केलं याची यादी फार लांब होईल. त्यातलं एकच सांगते. २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्यांचं ‘कॅन यू हिअर मी?’ लागलं, तेव्हा भिंतींवर ८८ ॲनिमेशन एकाच वेळी धावत होती, आणि ती सगळी त्यांनी आयपॅडवर काढलेली होती. २०२३ मध्ये त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला.

मला यातली सालं किंवा पुरस्कार तितके महत्त्वाचे वाटत नाहीत. महत्त्वाचं हे वाटतं, की तेवीस वर्षांच्या पोरीला कॅमेरा विकत घ्यावा लागला नाही, फी भरावी लागली नाही, आणि ‘याचा स्कोप काय?’ याचं उत्तर द्यावं लागलं नाही. खोली होती, यंत्र होतं, शेजारी एक अनुभवी माणूस स्वतःचं काम करत होता. बस.

गुरू पाहुणा म्हणून येतो

आता राम मोहन. भारतीय ॲनिमेशनमधलं हे केवढं मोठं नाव. पण ते शिकले कुठं? १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स तिथं पाहुणे म्हणून आले. ‘बॅम्बी’सारख्या फिल्मवर काम केलेला हा माणूस. त्यांनी इथल्या मुलांना सोबत बसवून काम शिकवलं, जातककथेवरची ‘द बन्यन डिअर’ त्यातूनच झाली. राम मोहन त्या मुलांपैकी एक. त्याच्या थोडं आधी, १९५२-५३ मध्ये, युनेस्कोनं कॅनडाच्या नॉर्मन मॅकलारेनना भारतात पाठवलं होतं. हा तर आणखी वेगळा गडी. कॅमेराच न वापरता फिल्मच्या पट्टीवर थेट रंगवणारा, खरवडणारा. त्याआधी चीनमधल्या खेड्यांत आरोग्याच्या कामासाठी स्थानिक चित्रकारांना स्वस्तात ॲनिमेशन कसं करायचं हे शिकवून आलेला.

म्हणजे साखळी बघा. पाहुणा आला, राम मोहन शिकले. राम मोहन पदमसींच्या मदतीला गेले. पदमसींच्या दारातून नलिनी मलानी आत आल्या. शाळा-कॉलेजच्या प्रवेशप्रक्रियेत बसणारी ही गोष्टच नाही.

आणि जागेचं म्हणाल, तर जागा कसलीही चालते. जर्मनीच्या लोट्टे रायनिगर यांनी ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ ही १९२६ ची लांबलचक सावल्यांची फिल्म कुठं केली? एका बँकरच्या गॅरेजवरच्या माळ्यावर. खाली काच, काचेखाली दिवा, काचेवर कात्रीनं कापलेल्या काळ्या कागदाच्या बाहुल्या, वर कॅमेरा. तीन वर्षं.

मग धंतोली का?

कारण धंतोलीत तीन प्रकारची माणसं रोज वाट बघत बसलेली असतात, आणि असा मोहल्ला शोधून सापडणार नाही.

पहिली आपली. स्पर्धा परीक्षावाली. नागपुरात वाचनाची जागा म्हटली की आता अभ्यासिकाच डोळ्यांसमोर येते. वस्त्यावस्त्यांतल्या बुद्धविहारांत चालणाऱ्या अभ्यासिकांनी किती घरांतली पहिली पदवी, पहिली नोकरी घडवली, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्याच खोल्यांमध्ये गाइडशिवाय दुसरं पुस्तक उघडलं तर शेजारचा ‘टाइमपास करून राहिली का?’ अशा नजरेनं पाहतो, हेही खरं. दुसरी माणसं निवृत्त झालेली. सकाळी दहाला पेपर वाचायला येणारी, आठवणींनी भरलेली, आणि ऐकणारं कुणी नसलेली. धंतोलीत ही सवय जुनी आहे; १९२८ मध्ये सुरू झालेल्या रामकृष्ण मठाचं ग्रंथालय याच भागात.

तिसरी माणसं वाचनालयात येतच नाहीत. ती बाहेर असतात. धंतोली म्हणजे दवाखाने. एका गल्लीत किती पाट्या आहेत ते मोजायला गेलं तर मान दुखते. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, तिकडे छिंदवाडा-बालाघाटहून आलेले पेशंटचे नातेवाईक रिपोर्टची, ऑपरेशनची, डिस्चार्जची वाट बघत फुटपाथवर, झाडाखाली, दुचाक्यांच्या मधल्या जागेत बसलेले असतात. त्यांच्याकडे वेळ असतो, जो जाता जात नाही. आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

इथं ॲनिमेशन जे करू शकतं ते कॅमेरा रोखून करता येत नाही. मास कॉमला आम्हाला ‘बाइट घ्या’ शिकवतात. पण आजारी माणसाच्या बायकोसमोर माइक धरायचा कसा? तिचा चेहरा दाखवायचा का? डॅनिश फिल्म ‘फ्ली’ २०२१ मध्ये आली. अफगाणिस्तानातून निर्वासित झालेल्या एका माणसाची ती खरी कहाणी आहे, आवाज त्याचाच, पण चेहरा आणि नाव लपवायचं होतं म्हणून सगळं चित्रांतून सांगितलं. तीन विभागांत ऑस्करची नामांकनं मिळाली तिला. आवाज खरा ठेवायचा आणि माणूस सुरक्षित ठेवायचा, हे या माध्यमाला जमतं.

लोकांसोबत बसून हे कसं करायचं, याचा धडाही महाराष्ट्रातच आहे. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीमध्ये शिकवणाऱ्या नीना सबनानी यांनी २००९ मध्ये कच्छमधल्या कलारक्षा संस्थेच्या कारागीर बायांसोबत ‘टांको बोले छे’ केली. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधून इकडे आलेल्या या बाया. त्यांनी आपली गोष्ट कापडाच्या तुकड्यांतून आणि टाक्यांतून घडवली, आवाज त्यांचे, आणि सबनानींनी तीच कापडी चित्रं हलती केली. पुढं भिल्ल चित्रकार शेरसिंह भिल्ल यांच्यासोबत केलेल्या ‘हम चित्र बनाते हैं’ला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींत कारागीर हे ‘विषय’ नव्हते, फिल्म करणारेच होते. धंतोलीत कुणी रेसिडन्सीला आलंच, तर पहिली अट हीच असावी असं मला वाटतं. नाहीतर बाहेरून यायचं, फुटपाथवरच्या लोकांचं दुःख उचलायचं आणि फेस्टिव्हलला न्यायचं, हे प्रकार काही कमी नाहीत.

पैशाचं काय?

रास्त प्रश्न. राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेंसाठीचं धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटींचा आराखडा, दोन लाख रोजगारांचं उद्दिष्ट. चांगलंच आहे, रोजगार कुणाला नको? पण अशा धोरणांत पार्क असतात, स्टुडिओ असतात, गुंतवणूकदार असतात. वाचनालयातलं टेबल नसतं. दुसरीकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ पासून आपल्याकडे गावोगावी अनुदानित ग्रंथालयांचं जाळं आहे, अ-ब-क-ड वर्गांचं. त्यांचा पैसा पुस्तकं, पगार आणि लाइट बिलात जातो. या दोन खात्यांची ओळख करून द्यायला कुणीतरी हवं. एका कलावंताचं दोन महिन्यांचं मानधन आणि राहण्याची खोली. ३,२६८ कोटींच्या हिशेबात ही चहाची किंमतही नाही.

फिनलंडमध्ये हेलसिंकीचं ‘ओडी’ नावाचं सार्वजनिक ग्रंथालय डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. तिथं शिलाई मशीन आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, रेकॉर्डिंगच्या खोल्या आहेत. आपण म्हणू, फिनलंडचं काय सांगता. मान्य. गोव्यात २००५ पासून चालणारं ‘बुकवर्म’ पाहा मग. तिथं मुलांसाठी पुस्तकासोबत चित्र, गोष्ट आणि खेळ येतातच. ग्रंथालयाच्या आत हातानं काहीतरी करणं ही परदेशी कल्पना नाही.

यंत्राची अडचण तर उरलेलीच नाही. २०२५ चा सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर लाटवियाच्या ‘फ्लो’ला मिळाला, ती ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केलेली. तिच्या दिग्दर्शकानं, गिंट्स झिल्बालोडिसनं, आधीची ‘अवे’ ही पूर्ण लांबीची फिल्म तर एकट्यानं केली होती. पदमसींच्या फ्लॅटमधल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला कॅमेरा आज अभ्यासिकेतल्या प्रत्येक बेंचवर सायलेंट मोडमध्ये पडलेला आहे.

अडचणी आहेत त्या आपल्या खास नागपुरी. उन्हाळ्यात हे करायचं तर कूलर. कूलरसमोर रांगोळी ठेवून बघा, फिल्म दोन सेकंदांत शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. कूलर बंद केला तर वाचक तुम्हाला बाहेर काढतील, आणि मे महिन्यात ते बरोबरच असतील. म्हणून हिवाळा. पण डिसेंबरात अधिवेशन असतं, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, धंतोलीतून बाहेर पडणंही मुश्कील. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांत बरे. तोवर ग्रंथपालांचं मन वळवायला वेळही मिळेल. त्यांना भेटायला जाताना ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्द पहिल्या वाक्यात वापरू नका. ‘वाचकांचा उपक्रम’ म्हणा.

तोवर हे करून बघा

खिडकीच्या काचेचा एक तुकडा घ्या, कडा चिकटपट्टीनं झाका. दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा. (पुस्तकांच्या थप्प्या नको, ग्रंथपालांनी पाहिलं तर रेसिडन्सीचा विषय तिथंच संपेल.) काचेखाली एलईडी बल्ब, काचेवर बटर पेपर. वर रांगोळीची पूड पसरा. खालून उजेड आला की पांढरी पूडसुद्धा काळी दिसते आणि बोट फिरवलं तिथं प्रकाशाची रेघ उमटते. मोबाइल वर घट्ट बसवा, एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, खोलीतला बाकीचा उजेड बंद. इअरफोनच्या बटणानं फोटो निघतो, म्हणजे फोनला हात लावायला नको. फोटो जोडायला स्टॉप मोशनचं कुठलंही मोफत ॲप चालेल.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला बारा फोटो पुरतात. दोन मिनिटांची फिल्म म्हणजे १,४४० फोटो. एकट्यानं काढायचे तर डोकं उठेल. वाचनालयाच्या साठ सभासदांनी काढायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस. प्रत्येकाचे दोन सेकंद. पेपरवाल्या आजोबांचे दोन, बॅग ठेवून जागा अडवणाऱ्याचे दोन, बाहेर झाडाखाली बसलेल्या काकूंना आत बोलावलं तर त्यांचेही दोन.

रांगोळी नको असेल तर घरातला माळा शोधा. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तिथं असेलच, लहानपणी दोरीनं ओढलेला. चाकं शाबूत असतील तर उत्तम. त्याला टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच सेकंदांत न्यायचं, तर साठ फोटो लागतील. दर वेळी बोटभर पुढं सरकवा. पंखा आधी बंद करा, आणि टेबलाला कुणी टेकलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्या.